पायऱ्यांवर लिलाव, आत न्यायदान : सेंट लुईसच्या जुन्या कोर्टात काय पाहावे?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी जी निःस्वार्थ बुद्धी दाखवली, तिचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा, ही त्यामागची त्यांची इच्छा होती. चळवळीत काम करणारा प्रत्येक जण ही गोष्ट भाषणात सांगतो. आम्हीही सांगत आलो आहोत. पण त्यापुढचा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. सदाचारी लोक पुढे आले हे खरे, पण ते येण्यापूर्वी गुलाम स्वतः काय करत होते? ते कोणीतरी येऊन सोडवील म्हणून हात जोडून बसले होते काय?

या प्रश्नाचे एक दगडविटांचे उत्तर अमेरिकेच्या मिझुरी राज्यात, सेंट लुईस शहरात, मिसिसिपी नदीच्या काठापासून थोड्या अंतरावर उभे आहे. तिथले लोक तिला ‘ओल्ड कोर्टहाऊस’ म्हणतात. एके काळचे जिल्ह्याचे कोर्ट, आज राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातले संग्रहालय. मोठी दुरुस्ती करून मे २०२५ मध्ये ते लोकांसाठी पुन्हा उघडले. त्यानंतर एका अभ्यासदौऱ्यात आम्हाला ते पाहायला मिळाले. हा लेख प्रवासवर्णन नाही. खायला काय मिळते, फोटो कुठून चांगला येतो, हे सांगणारे पुष्कळ आहेत. आंबेडकरी चळवळीतल्या मुलामुलींनी अशी इमारत पाहताना कुठे थांबावे आणि कुठे संशय धरावा, एवढेच आम्हाला इथे मांडायचे आहे.

इमारत देखणी आहे, हे आधीच कबूल करतो. ऑगस्त शुतो आणि न्यायाधीश लुकास या दोन धनिक जमीनमालकांनी १८१६ साली ही जागा दान दिली. अट अशी की तिथे कायम कोर्टच असावे. १८२८ साली विटांचे पहिले कोर्ट झाले. शहर वाढले तसे ते अपुरे पडू लागले आणि १८३९ पासून आजच्या इमारतीचे काम सुरू झाले. वरचा लोखंडी घुमट विल्यम रम्बोल्ड या वास्तुविशारदाचा. रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावरून त्याची कल्पना घेतलेली आहे आणि तो १८६२ मध्ये, म्हणजे यादवी युद्ध पेटलेले असताना, पुरा झाला. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. गोल सज्जे, रंगवलेली भित्तिचित्रे, वरून उतरणारा उजेड. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. एक दालन इमारतीच्या रचनेवर आहे, एक न्यायालय कसे चालते ते मुलांना समजावणारे आहे, एक शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या जगण्यावर आणि एक ड्रेड व हॅरिएट स्कॉट या दांपत्यावर. नव्या दुरुस्तीत लिफ्ट आणि उतार केल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही वरपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडच्या किती स्मारकांत ही सोय आहे, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आता बाहेर या आणि पायऱ्यांवर उभे राहा. मालक मेला आणि मागे कर्ज राहिले, किंवा वारसांत वाटणी करायची असली, की कोर्टाच्या हुकमाने मालमत्तेची विक्री होत असे. मालमत्तेत जमीन आली, गुरे आली, भांडीकुंडी आली आणि माणसेही आली. ती विक्री याच कोर्टाच्या पायऱ्यांवर होई. म्हणजे लिलाव हा कोर्टाच्या नजरेआड चाललेला गुन्हा नव्हता. तो कोर्टाच्याच कामाचा भाग होता. आई एका बोलीला, मूल दुसऱ्या बोलीला, आणि त्याच्या पावतीवर सही-शिक्का. जातीच्या अन्यायाबद्दल बोलताना आपले काही सुशिक्षित मित्र ‘कायद्याची अंमलबजावणी होत नाही हो’ एवढेच म्हणून थांबतात. त्यांनी या पायऱ्यांवर जरा वेळ थांबावे. इथे कायद्याची अंमलबजावणी चोख होत होती. दोष कायद्यातच होता.

तरीही त्याच पायऱ्या चढून गुलाम आत जात होते, दावा लावायला. सेंट लुईसच्या न्यायालयांत १८१४ ते १८६० या काळात गुलाम ठरवलेल्या स्त्री-पुरुषांनी आपल्या स्वातंत्र्यासाठी तीनशेहून अधिक दावे दाखल केले. मिझुरीच्या कायद्यात तशी वाट होती. ज्याला बेकायदा गुलाम म्हणून ठेवले आहे तो कोर्टात अर्ज करू शकत असे. कोर्ट त्याला वकील देई आणि दावा चालू असेपर्यंत त्याला हद्दीबाहेर नेऊ नये, असा मालकाला हुकूम करी. पुरावा देण्याचा भार मात्र गुलामावर. १८२४ च्या एका निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिले होते की मालकाने गुलामाला गुलामी बंद असलेल्या प्रांतात नेऊन तिथे वसवले तर तो स्वतंत्र झाला, आणि परत मिझुरीत आणले तरी त्याचे स्वातंत्र्य जात नाही. १८३६ मध्ये रेचेल नावाच्या स्त्रीने याच मुद्द्यावर अपील जिंकले.

दावा लावण्याची किंमत काय होती, हे ल्यूसी डिलेनीच्या गोष्टीवरून कळते. तिची आई पॉली हिने १८४३ मध्ये स्वतःचा दावा जिंकला. आई मुक्त, तर मुलगीही मुक्त, म्हणून आईने त्याआधीच ल्यूसीसाठीही दावा लावला होता. तेव्हा ल्यूसी जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तो चालू असताना त्या मुलीला सतरा महिने तुरुंगात राहावे लागले. गुन्हा काही नाही. वादग्रस्त मालमत्ता पळवली जाऊ नये म्हणून ती कोंडून ठेवली, इतकेच. १८४४ मध्ये ती सुटली आणि पुढे म्हातारपणी तिने आपली हकिगत स्वतः लिहून छापली. आत्मकथनांच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या वाचकांना या बाईचे नाव माहीत असायला हवे.

दालनात सर्वांत जास्त गर्दी असते ती स्कॉट दांपत्यापाशी. ड्रेड स्कॉट १७९९ च्या सुमारास व्हर्जिनियात ब्लो कुटुंबाच्या गुलामीत जन्मला. ते कुटुंब १८३० मध्ये सेंट लुईसला आले आणि पुढे ड्रेडला डॉ. जॉन इमर्सन या लष्करी डॉक्टरला विकण्यात आले. डॉक्टरने त्याला इलिनॉय राज्यात आणि नंतर आजच्या मिनेसोटातल्या फोर्ट स्नेलिंग इथे नेले. दोन्ही ठिकाणी गुलामी कायद्याने बंद होती. फोर्ट स्नेलिंगला त्याचे हॅरिएट रॉबिन्सन हिच्याशी लग्न झाले. एलायझा आणि लिझी या दोन मुली झाल्या. डॉक्टर १८४३ मध्ये वारला आणि ६ एप्रिल १८४६ रोजी नवरा-बायकोने डॉक्टरच्या विधवेविरुद्ध वेगवेगळे दोन अर्ज केले. लिहिता येत नव्हते, म्हणून दोघांनी सहीच्या जागी फुली मारली. दाव्याचे रूप मारहाण आणि बेकायदा डांबून ठेवल्याच्या फिर्यादीचे होते. नुकसानभरपाई मागितली होती दहा डॉलर.

दोन अर्ज होते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. जगाला खटला माहीत आहे तो ‘ड्रेड स्कॉट’चा. पण त्या काळच्या कायद्यात मुलांचा दर्जा आईवरून ठरे. दोन मुली गुलाम राहणार की मुक्त होणार, हे हॅरिएटच्या दाव्यावर अवलंबून होते. हॅरिएट ज्या कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जाई, तिथला धर्मोपदेशक जॉन अँडरसन स्वतः एके काळचा गुलाम होता, आणि कोर्टाची वाट तिला तिथून दिसली असावी, असे काही अभ्यासक मानतात. १८५० मध्ये वकिलांनी सोयीसाठी ठरवले की ड्रेडच्या दाव्याचा जो निकाल लागेल तोच हॅरिएटला लागू व्हावा. अशा रीतीने तिचा दावा नवऱ्याच्या दाव्यात विरघळला आणि इतिहासातून तिचे नाव मागे पडले. आपल्याकडे महाडच्या परिषदेत स्त्रिया होत्या, काळाराम सत्याग्रहात होत्या, पण त्यांची नावे शोधायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना गावोगाव फिरावे लागले. हा विसर फक्त गोऱ्या वकिलांकडूनच होतो असे नाही.

पहिली सुनावणी ३० जून १८४७ रोजी याच इमारतीत झाली. न्यायाधीशाचे नाव अलेक्झांडर हॅमिल्टन, पण अमेरिकेच्या संस्थापकांपैकी तो हा नव्हे. स्कॉट दांपत्य हरले, आणि का हरले ते ऐकण्यासारखे आहे. ते इमर्सनबाईंच्या मालकीचे गुलाम आहेत हे सिद्ध करायचे होते. ज्याने त्यांना बाईंकडून भाड्याने घेतले असे समजले जात होते, त्या साक्षीदाराने उलटतपासात सांगितले की व्यवहार माझ्या बायकोने केला, मला ऐकीव माहिती आहे. झाले! मालकी सिद्ध झाली नाही, म्हणून गुलाम मालकिणीकडेच राहिले. ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत जातीचा दाखला जोडला नाही, आरोपीला फिर्यादीची जात माहीत होती हे सिद्ध झाले नाही, अशा कारणांवर निर्दोष सुटका होताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही.

फेरसुनावणी लांबत गेली. मधल्या काळात शहरात मोठी आग लागली, कॉलरा आला. अखेर १२ जानेवारी १८५० रोजी ज्यूरीने स्कॉट कुटुंब मुक्त असल्याचा कौल दिला. पण बाईंनी अपील केले आणि मार्च १८५२ मध्ये मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. कायदा तोच होता, पूर्वीचे निकाल तेच होते. न्यायाधीशांनी उघडच म्हटले की आता काळ बदलला आहे. काळ बदलला म्हणजे गुलामीविरोधी चळवळ वाढली आणि मालकवर्ग बिथरला. दरम्यान शेरीफ या कुटुंबाला भाड्याने कामाला लावत होता आणि त्यांची मजुरी कोर्टाकडे साठत होती. दावा जिंकेल त्याला ती मिळायची होती.

मग खटला संघराज्याच्या न्यायालयात आणि तिथून वॉशिंग्टनला गेला. ६ मार्च १८५७ रोजी सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी सात विरुद्ध दोन अशा बहुमताचा निकाल वाचला. आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. गोऱ्याने मान राखावा असा कोणताही हक्क राज्यघटना लिहिणाऱ्यांच्या नजरेत त्याला नव्हता. म्हणून त्याला या न्यायालयात दावा लावण्याचाच अधिकार नाही. शिवाय काही प्रदेशांत गुलामी बंद करणारा १८२० चा संसदेचा कायदाही घटनाबाह्य ठरवला. न्यायमूर्ती मॅकलीन आणि कर्टिस विरोधात गेले. कर्टिस यांनी दाखवून दिले की घटना मंजूर झाली तेव्हा पाच राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते. मग ते ‘आम्ही लोक’ यात मोडत नव्हते कसे? पुस्तक एकच होते, वाचणारे दोन होते. आणखी एक गोष्ट. या टॉनी महाशयांनी स्वतःच्या वाट्याला आलेले गुलाम कधीच मुक्त केले होते. व्यक्ती म्हणून दयाळू, न्यायाधीश म्हणून गुलामीचा खांब. ‘आमच्या घरी आम्ही जात पाळत नाही’ हे वाक्य ऐकले की आम्हाला आता टॉनी आठवतात.

निकालानंतर जे झाले ते विचित्रच आहे. इमर्सनबाईंनी तोपर्यंत मॅसॅच्युसेट्सचे खासदार कॅल्विन चाफी यांच्याशी दुसरे लग्न केले होते आणि चाफी गुलामीविरोधी म्हणून प्रसिद्ध होते. देशातला सर्वांत गाजलेला गुलाम आपल्या पत्नीच्या मालकीचा आहे, हे बाहेर आले तेव्हा त्यांची नाचक्की झाली. घाईघाईने स्कॉट कुटुंब ब्लो घराण्यातल्या टेलर ब्लो याच्या नावे करण्यात आले आणि २६ मे १८५७ रोजी याच इमारतीत त्याने त्यांना मुक्त केले. साठलेली मजुरी? ती बाईंनी मागून घेतली. ड्रेड स्कॉट एका हॉटेलात हमालाचे काम करू लागला आणि १७ सप्टेंबर १८५८ रोजी क्षयाने वारला. जेमतेम सोळा महिन्यांचे स्वातंत्र्य. त्याच्या कबरीवर शंभर वर्षे दगडही नव्हता, तो १९५७ मध्ये बसला. हॅरिएट कपडे धुऊन जगली आणि १८७६ मध्ये वारली. तिची कबर कोणती, हे तर या शतकात शोधून काढावे लागले.

आता महाडकडे येतो, कारण ही इमारत पाहताना आमच्या डोक्यातून महाड जात नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे लहान मूलही सांगेल. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सवर्णांनी त्यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि मनाईहुकूम मिळवला, हे बहुतेकांना माहीत असते, कारण त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावर जाणे थांबले. पण तो दावा पुढे किती वर्षे चालला? १९३७ च्या १७ मार्चपर्यंत! मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोर तो संपला आणि सवर्णांचे अपील फेटाळले गेले. स्कॉट कुटुंबाचा खटला अकरा वर्षे चालला, महाडचा जवळजवळ दहा वर्षे. तिथे हार झाली, इथे जीत. म्हणून १७ मार्चला आपण अभिमानाने पोस्ट टाकतो. टाकाव्यातच. पण निकाल कशावर उभा राहिला हेही वाचावे. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादिकालापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. अस्पृश्यता ही मुळातच बेकायदा आहे, असे कोर्टाने म्हटले नाही. म्हणू शकतही नव्हते, कारण तसा कायदाच नव्हता. उलट बाजूने विचार करा. समजा, वादींनी जुनेपुराणे दप्तर आणून वहिवाट पक्की सिद्ध केली असती तर?

त्या ‘तर’ला उत्तर संविधानाने दिले. अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरल्या आहेत, म्हणजे मूलभूत हक्कांविरुद्ध जाणारी वहिवाट कितीही जुनी असो, ती शून्य. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जगातल्या किती राज्यघटनांच्या मूलभूत हक्कांत तळे सापडेल? ते तिथे आहे, कारण या देशात तळ्यावरून डोकी फुटली होती. आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली.

अमेरिकेतही टॉनींचा निकाल कुठल्या मोठ्या न्यायालयाने पुसला नाही. तो युद्धाने आणि घटनादुरुस्तीने पुसला. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी बंद केली आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने इथे जन्मलेला प्रत्येक जण नागरिक आहे असे लिहिले, सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला आहे, असे त्यांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पाठवलेल्या पत्रात लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. चौदाव्या दुरुस्तीचे पुढे काय झाले, ते आपण ओळखले पाहिजे. १८८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही दुरुस्ती फक्त सरकारला बांधते. खासगी हॉटेल, नाटकगृह, आगगाडीवाला भेदभाव करत असेल तर ती लागू नाही. त्या एका पळवाटेतून कित्येक पिढ्यांचे अपमान आत आले. आपल्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांची नावेच लिहिली आहेत आणि अनुच्छेद १७ सरकारइतकाच शेजाऱ्यालाही बांधतो. ‘संविधान म्हणजे इकडून तिकडून उचललेली कलमे’ असे म्हणणाऱ्यांना हा फरक दाखवावा. उचलणाऱ्याने फट बुजवून घेतली आहे.

या इमारतीतला दुसरा मोठा खटला बायकांच्या मताचा. व्हर्जिनिया मायनर या बाई १८७२ मध्ये सेंट लुईसला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, अधिकाऱ्याने नकार दिला. विवाहित स्त्रीला एकटीने दावा लावता येत नसे म्हणून नवऱ्याला सोबत घेऊन त्यांनी कोर्ट गाठले. चौदाव्या दुरुस्तीने आम्ही नागरिक आहोत, मग मत का नाही? १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर आले : नागरिक आहात, पण नागरिकत्वात मत येत नाही. पुढे मत मिळायला १९२० उजाडले. आपल्याकडे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मांग-महाराची निरक्षर बाई आणि जमीनदार एका रांगेत उभे राहिले, याचे मोल अशा खटल्यांपाशी कळते.

आता संशयाचा भाग. ही इमारत गुलामांच्या दाव्यांसाठी जपली गेली, असे कोणी समजू नये. १९३० मध्ये कोर्ट नव्या इमारतीत गेले. तेव्हा शुतो आणि लुकास यांच्या वारसांनी ‘आता इथे कोर्ट नाही, जमीन परत द्या’ म्हणून दावा लावला. मोफत दिलेल्या दानाची दोरी शंभर वर्षांनीही हातात धरून ठेवणारे ते लोक, पण हरले. १९४० मध्ये शहराने ही वास्तू केंद्र सरकारला दिली ती जेफर्सन यांच्या नावाने होणाऱ्या स्मारकासाठी. ते स्मारक अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्ताराचे. त्यासाठी नदीकाठची सुमारे चाळीस चौकांची वस्ती पाडली गेली आणि पुढे तिथे १९६५ मध्ये पोलादाची ती प्रचंड कमान उभी राहिली. ज्यांच्या जमिनीवर तो ‘विस्तार’ झाला ते मूलनिवासी, आणि ज्या जेफर्सनच्या नावाने तो साजरा झाला तो स्वतः शेकडो गुलामांचा मालक. २०१८ मध्ये उद्यानाचे नाव बदलून जेफर्सनचे नाव गेले, पण त्या जागी स्कॉट आले नाहीत. कमान आली. ड्रेड आणि हॅरिएट यांचा हातात हात घेतलेला पुतळा इमारतीबाहेर बसला तो २०१२ मध्ये. आणि ज्या खोलीत त्यांचा खटला चालला ती खोली तर इमारतीत उरलेलीच नाही; पूर्वीच्याच फेरबांधणीत ती गेली. पर्यटक दुसरी न्यायदालने पाहतात आणि समाधान मानतात.

मग उरले काय? कागद उरले. आमच्या मते या शहरातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. स्वातंत्र्याच्या त्या तीनशेहून अधिक दाव्यांचे अर्ज, जबान्या, हुकूम हे सर्व सर्किट कोर्टाच्या दप्तरात घड्या घालून पडले होते. १९९० च्या दशकानंतर दप्तरपालांनी ते उलगडले, साफ केले, संगणकावर आणले. त्यानंतर लोकांना कळले की ड्रेड स्कॉट एकटा नव्हता. २०२२ मध्ये शहरातल्या नव्या कोर्टाबाहेर या दावेदारांचे स्मारक झाले आणि त्यावर त्यांची नावे कोरली गेली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची नावे, त्यांच्या फुल्यांवरून.

आपल्या खटल्यांचे काय? आपल्या न्यायालयांत ठरावीक मुदतीनंतर निकाली प्रकरणांचे कागद नष्ट करण्याचे नियम आहेत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ आपल्या माणसांनी दिलेल्या फिर्यादी, जबाब, वैद्यकीय दाखले, निकालपत्रे तालुक्या-तालुक्यांत तयार होत आहेत, आणि झिजत, फाटत, संपतही आहेत. पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी वर्गणी गोळा होते, ती व्हावी. पण ज्या कुटुंबाच्या लढ्यावर आपण जयंतीला भाषण देतो त्याच्या घरात एफआयआरची प्रत आहे का, हे पाहायला कोणी जात नाही. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळण्याचा हक्क आहे. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १५क नुसार पीडितांना प्रत्येक सुनावणीची सूचना मिळायला हवी आणि कामकाजाचे ध्वनिचित्रमुद्रण व्हायला हवे. हे मागितले तर मिळते, न मागितले तर कोणी घरी आणून देत नाही.

आमच्या तालुक्यात काही तरुणांनी हे काम हाती घेतले आहे. भारी काही नाही. निकाली असो वा चालू, ज्या घराने फिर्याद दिली त्या घरी जायचे, असतील ते कागद मोबाइलवर स्कॅन करायचे, मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच घरी ठेवायची आणि वहीत तारीखवार नोंद करायची. निकाली प्रकरणात न्यायालयाकडून प्रमाणित नकला काढायच्या, मुदत संपण्याआधी. फिर्याद बाईने दिली असेल तर वहीत नाव तिचेच लिहायचे, नवऱ्याचे किंवा मुलाचे नाही, हा नियम हॅरिएटमुळे घातला. काही घरांत पेटीच्या तळाशी सगळे व्यवस्थित सापडले. काही घरांत एकही कागद नाही, वकिलाकडे गेला तो परत आला नाही. तिथले नकलांचे अर्ज सध्या लिहून चालले आहेत.